पाटीवर शंभर, लायसनला पन्नास : बॉयलरची हॉर्सपॉवर नक्की कुठली धरायची?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना दोनदा आलेली वाक्यं काढली आहेत, हिशोब मात्र सगळे ठेवलेत. कानाने ऐकलेला आकडा पटकन निसटतो, म्हणून ज्यांना परीक्षा द्यायची आहे त्यांनी हे वाचूनही घ्या.)

 

मागच्या भागानंतर एक व्हॉइस नोट आली. इचलकरंजीचा मुलगा आहे, एका प्रोसेस हाऊसमध्ये बॉयलरवर हेल्पर. म्हणतो, "दादा, तुमच्याकडं अमेरिकेत बॉयलर हॉर्सपॉवरमध्ये मोजतात म्हणे. आमच्याकडं टनात मोजतात. आमचा तीन टनाचा आहे. म्हणजे किती हॉर्सपॉवर झाला? आणि तिकडं तो चालवायचा तर केवढं लायसन लागेल?"

प्रश्न ऐकला आणि मला हसू आलं. कारण त्याला वाटतंय हा एकच प्रश्न आहे. मलाही तसंच वाटायचं. पण हे दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं वेगळी येतात. पहिल्याचं उत्तर १९२ आहे. दुसऱ्याचं साधारण ९६. बॉयलर तोच, आकडा निम्मा. हे कसं, ते आज सांगतो. आणि त्यासाठी आधी माझी एक फजिती सांगायला लागेल.

जानेवारीतला फोन

नव्या श्रोत्यांसाठी थोडक्यात. मी मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला. साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये काही गळीत हंगाम काढले, अटेंडंटचं सर्टिफिकेट घेतलं. लग्नानंतर बायकोच्या नोकरीमुळे मिनेसोटाला आलो. इथं बॉयलर चालवायचा तर राज्याचं लायसन लागतं. परीक्षा सेंट पॉलचं डिपार्टमेंट ऑफ लेबर अँड इंडस्ट्री घेतं. मी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. इथं चार वर्ग आहेत. सगळ्यात खाली स्पेशल इंजिनिअर, मग सेकंड क्लास, मग फर्स्ट क्लास आणि वर चीफ इंजिनिअर. चीफला मर्यादा नाही. खालच्या प्रत्येकाला हॉर्सपॉवरची मर्यादा आहे. माझं लायसन स्पेशल, म्हणजे ५० हॉर्सपॉवरपर्यंत.

एका मोठ्या इमारतीच्या बॉयलर रूममध्ये नोकरी लागली. जानेवारीची रात्र, बाहेर उणे पंचवीस. रात्रपाळीचा माणूस आजारी पडला. चीफचा फोन आला, "आज रात्री दोन नंबरच्या बॉयलरचा चार्ज तू घेशील का?"

मी दोन नंबरपाशी जाऊन पाटी बघितली. मोठ्या अक्षरात १०० हॉर्सपॉवर. माझी मर्यादा ५०. मी म्हणालो, "नाही, मला चालणार नाही."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग तो म्हणाला, "बरं, मी येतो." एवढ्या बर्फातून तो माणूस गाडी काढून आला. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की विचारू नका. पण कायद्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, हे कारखान्यात आमच्या तात्यांनी डोक्यात पक्कं बसवलेलं. तात्या म्हणजे आमचे जुने बॉयलर मिस्त्री. ते म्हणायचे, "बाळा, पाणी आणि सही, दोन्हींशी खेळायचं नाही."

चीफ आला. रागावला नाही. हातात बॅटरी घेतली आणि मला बॉयलरच्या दुसऱ्या बाजूला नेलं. तिथं इन्सुलेशनच्या पत्र्यात एक छोटी खिडकी होती. आत कोरलेली अक्षरं. बनवणाऱ्याचं नाव, जास्तीत जास्त दाब, अनुक्रमांक, वर्ष. आणि एक ओळ : हीटिंग सरफेस ५०० चौरस फूट.

"आता याला दहानं भाग," तो म्हणाला.

पन्नास!

मग तो जे बोलला ते माझ्या लक्षात राहिलं. "तू नाही म्हणालास ते चांगलं केलंस. आकडा माहीत नसताना हो म्हणणारा माणूस मला नको. पण उद्यापासून आकडा कुठून घ्यायचा ते माहीत पाहिजे."

मुळात घोडा आला कुठून?

आपल्याकडं हॉर्सपॉवर हा शब्द शेतातल्या मोटरमुळे सगळ्यांना माहीत आहे. पाच एचपीची मोटर, साडेसात एचपीची मोटर. हा एचपी जेम्स वॅटचा. त्याला आपलं वाफेचं इंजिन विकायचं होतं, आणि गिऱ्हाईक तोवर घोडे जुंपून काम करायचं. म्हणून त्यानं हिशोब मांडला : एक घोडा म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड काम. आजच्या भाषेत ७४६ वॅट. पाच एचपीची मोटर म्हणजे पावणेचार किलोवॅटला थोडी कमी.

पण बॉयलर काही फिरवत नाही. तो पाणी तापवतो, वाफ करतो, बस्स. फिरवण्याचं काम इंजिनाचं. मग बॉयलरला घोडा कसा जुंपला?

त्याचं कारण बाजारातलं आहे. एकोणिसाव्या शतकात कारखानदार इंजिन आणि बॉयलर जोडीनं घ्यायचा. ५० घोड्यांचं इंजिन घेतलं की तो विचारायचा, याला पुरेल असा बॉयलर द्या. विकणारा म्हणायचा, हा घ्या ५० घोड्यांचा बॉयलर. आता ५० घोड्यांचा म्हणजे किती वाफ देणारा? ते जो तो आपल्या सोयीनं सांगायचा.

१८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला शंभर वर्षांच्या स्वातंत्र्याचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथं कॉर्लिसचं अवाढव्य इंजिन होतं, १,४०० घोड्यांचं. राष्ट्राध्यक्ष ग्रँट आणि ब्राझीलचे सम्राट दुसरे पेद्रो, दोघांनी मिळून ते सुरू केलं. त्याच प्रदर्शनात बॉयलरच्या चाचण्या झाल्या आणि परीक्षकांना एक मोजमाप ठरवावं लागलं. त्या वेळच्या चांगल्या इंजिनाला एका घोड्यासाठी तासाला साधारण ३० पाउंड वाफ लागायची. म्हणून त्यांनी ठरवलं : १०० अंश फॅरनहाइटचं पाणी आत घेऊन, ७० पाउंड दाबाची ३० पाउंड वाफ तासाला दिली, की तो एक बॉयलर हॉर्सपॉवर.

पुढं १८८० च्या दशकात अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सनं, म्हणजे एएसएमईनं, हेच माप जरा सुटसुटीत केलं. २१२ अंश फॅरनहाइटचं पाणी आणि २१२ अंशाचीच वाफ, अशी तासाला ३४.५ पाउंड. उष्णता तेवढीच, फक्त मांडणी सोपी. आपल्या मापात ही झाली तासाला १५.६५ किलो वाफ. किलोवॅटमध्ये ९.८१.

आता गंमत बघा. वॅटचा घोडा ०.७४६ किलोवॅटचा आणि बॉयलरचा घोडा ९.८१ किलोवॅटचा. तेरापट! म्हणजे बॉयलरवरची हॉर्सपॉवर वाचून तुमच्या शेतातल्या मोटरशी तुलना करू नका. हा तेरापट फरक आला कारण १८७६ चं इंजिन वाफेतली आठ टक्के उष्णतासुद्धा कामात आणत नव्हतं. बाकी सगळी वाया. ती इंजिनं कधीच भंगारात गेली, पण त्यांची उधळपट्टी आपल्या मापात अजून शिल्लक आहे.

मग दहा चौरस फूट कशासाठी?

आता लायसनकडं येऊ. लायसन देणाऱ्या सरकारला एक साधा प्रश्न पडतो. हा माणूस किती मोठ्या बॉयलरपाशी एकटा उभा राहू शकतो? "मोठा" कसं ठरवायचं?

वाफेवरून ठरवलं तर पंचाईत होते. कारण वाफ बदलते. बर्नर मोठा बसवा, वाफ वाढली. कोळसा ओला आला, वाफ कमी झाली. तोच बॉयलर पावसाळ्यात एका वर्गात आणि उन्हाळ्यात दुसऱ्या वर्गात जाणार का?

म्हणून न बदलणारी गोष्ट धरायची. ती म्हणजे लोखंड. बॉयलरच्या आत एका बाजूला आग किंवा गरम गॅस आणि दुसऱ्या बाजूला पाणी, असा जेवढा पत्रा आणि जेवढ्या नळ्या आहेत, त्यांचं एकूण क्षेत्रफळ. यालाच हीटिंग सरफेस म्हणतात. चुलीवरच्या पातेल्याला जिथवर ज्वाळा लागते तो भाग, असं समजा. हे क्षेत्रफळ ड्रॉइंगवरून काढता येतं, टेप लावून तपासता येतं, आणि एएसएमईच्या पॉवर बॉयलरवर ते कोरावंच लागतं.

मिनेसोटाचा नियम दोन ओळींचा आहे. साध्या बॉयलरसाठी १० चौरस फूट हीटिंग सरफेस म्हणजे एक हॉर्सपॉवर. कॉइल पद्धतीच्या स्टीम जनरेटरसाठी ५ चौरस फूट म्हणजे एक हॉर्सपॉवर. आणि हे माप फक्त लायसनच्या वर्गवारीपुरतं आहे, हेही कायद्यातच लिहिलंय. ते शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. बॉयलर किती वाफ देतो हे हा नियम सांगतच नाही. तो सांगतो, या बॉयलरला कुठला माणूस लागतो.

मग दहा हाच आकडा का? कारण जुन्या काळी तो खरा होता. विटांच्या भट्टीत बसवलेला, कोळशावर चालणारा, धुराड्याच्या ओढीवर जळणारा बॉयलर. त्याचा एक चौरस फूट पत्रा तासाला साडेतीन पाउंडाच्या आसपास वाफ द्यायचा. दहा फुटांना ३४.५ पाउंड. बरोबर एक घोडा. त्या काळी पाटीवरचा आकडा आणि लायसनचा आकडा एकच यायचा.

पुढं बर्नर सुधारले, पंख्यानं हवा ढकलायला लागले, गॅस आणि तेल आलं. आजचा पॅकेज फायरट्यूब बॉयलर एका घोड्याला ५ चौरस फुटांच्या हिशोबानं बांधतात. म्हणजे तेवढ्याच लोखंडातून दुप्पट वाफ. पाटीवर १०० लिहिलंय ते वाफेचं, आणि ते खरं आहे. लोखंड ५०० चौरस फूट आहे, तेही खरं. लायसनचा नियम लोखंड बघतो, म्हणून ५०.

त्या रात्री मी चुकीच्या पाटीपुढं उभा होतो, एवढंच.

चला, एक हिशोब करू

इचलकरंजीच्या मित्रा, आता तुझ्या बॉयलरसारखा एक बॉयलर घेऊ. कागद पेन घे.

समजा फायरट्यूब बॉयलर आहे. आत १२० नळ्या, आतला व्यास ५० मिलिमीटर, लांबी ४ मीटर. फायरट्यूबमध्ये गरम गॅस नळीच्या आतून जातो, म्हणून आतला व्यास घ्यायचा. वॉटरट्यूब असेल तर पाणी आत आणि आग बाहेर, तिथं बाहेरचा व्यास. परीक्षेत इथंच मार्क जातात. लक्षात ठेवायला सोपं आहे : ज्या बाजूला आग, त्या बाजूचं माप.

एका नळीचं क्षेत्रफळ : ३.१४ गुणिले ०.०५ गुणिले ४. आलं ०.६२८ चौरस मीटर. गुणिले १२० नळ्या, झाले ७५.४.

आता भट्टी, म्हणजे मधली मोठी नळी जिच्यात ज्वाळा असते. व्यास ०.८ मीटर, लांबी ४ मीटर. ३.१४ गुणिले ०.८ गुणिले ४, साधारण १०. एकूण ८५.४ चौरस मीटर. मागचा ट्यूबशीट वगैरे आता सोडून देऊ.

चौरस फूट करायला १०.७६ नं गुणा. ९१९, म्हणजे ९२० धरू.

लायसनसाठी : ९२० भागिले १० म्हणजे ९२ हॉर्सपॉवर.

वाफेसाठी : एका घोड्याला ५ चौरस फूट धरले तर ९२० भागिले ५ म्हणजे १८४ हॉर्सपॉवर. गुणिले १५.६५ किलो. तासाला सुमारे २,८८० किलो वाफ. म्हणजे तुमच्या भाषेत तीन टनाला जरासा कमी.

बघितलंत? टन, पाटीवरची हॉर्सपॉवर आणि लायसनची हॉर्सपॉवर, तिन्ही एकाच लोखंडातून निघाले.

आता आपल्या टनाबद्दल एक गोष्ट. आपल्याकडं बॉयलरच्या माहितीपत्रकावर तीन टन एफ अँड ए १०० असं लिहिलेलं असतं. कधी विचार केलाय का हे एफ अँड ए काय आहे? फ्रॉम अँड ॲट. म्हणजे १०० अंश सेल्सिअसचं पाणी आणि १०० अंशाचीच वाफ. २१२ फॅरनहाइट म्हणजेच १०० सेल्सिअस! एएसएमईनं १८८० च्या दशकात घोडा ज्या अटीवर बांधला, त्याच अटीवर आपण इचलकरंजीत टन मोजतोय. म्हणून टनावरून सरळ हॉर्सपॉवर काढता येते. ३,००० भागिले १५.६५, उत्तर १९२. हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचा निकाल.

पण एक इशारा. हा टन कागदावरचा. प्रत्यक्षात तुमच्या टाकीतलं पाणी ६० अंशाचं असेल आणि दाब १० किलोचा, तर तीच आग कमी वाफ देते. कारण आधी पाणी १०० पर्यंत न्यायलाच उष्णता जाते. मालक "तीन टनाचा घेतला, तीन टन देत नाही" म्हणून अटेंडंटवर खेकसतो, तेव्हा हे उत्तर खिशात असू द्या.

आपल्याकडचं लायसन काय बघतं?

आता माझ्या आवडीचा भाग. आपल्याकडं बोलताना सगळे टन म्हणतात, पण सरकार टनाकडं बघून थांबत नाही. बाष्पके संचालनालयाकडून बॉयलर चालवायचं जे सर्टिफिकेट मिळतं आणि जे बॉयलर हाऊसमध्ये काचेत लावलेलं असतं, ते नीट वाचा. त्यावर बॉयलर रेटिंग असतं. ते चौरस मीटरमध्ये असतं. ते काय आहे? हीटिंग सरफेस! नोंदणीची फी त्यावर ठरते, आणि कुठल्या सर्टिफिकेटचा माणूस पाहिजे हे बघतानाही हाच आकडा लागतो.

म्हणजे मी अर्धं जग ओलांडून आलो आणि इथलं माप काहीतरी अजब आहे म्हणून घाबरलो. प्रत्यक्षात दोन्हीकडचा कायदा एकच गोष्ट मोजतो, आगीला लागलेलं लोखंड. कारखान्यात ते सर्टिफिकेट रोज माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं. मी त्यातली फक्त शेवटची तारीख वाचायचो.

आता एक सोपी खूण. १० चौरस फूट म्हणजे ०.९३ चौरस मीटर, जवळजवळ एक. म्हणून साध्या बॉयलरचं आपल्याकडचं रेटिंग ८९ चौरस मीटर असेल, तर मिनेसोटाच्या लायसनची हॉर्सपॉवर झाली साधारण ९६. चौरस मीटरच्या आकड्यात सातआठ टक्के मिळवायचे, बस्स. तीन टनाच्या बॉयलरला पाच फुटांच्या हिशोबानं साधारण एवढंच लोखंड लागतं. म्हणून सुरुवातीला मी ९६ म्हणालो. पण माझ्यावर जाऊ नकोस. तुझ्या बॉयलरचं सर्टिफिकेट वाच. तुझा आकडा तिथं आहे.

उलट बाजूची चूक

आता दुसरी गोष्ट, जी जास्त धोक्याची आहे. त्या जानेवारीनंतर मला स्वतःवर जरा जास्तच विश्वास बसला. चारेक महिन्यांनी एका लाँड्रीतून शनिवार-रविवारचं काम आलं. चादरी धुवायची, वाळवायची, इस्त्री करायची वाफ. फोनवर मी शहाण्यासारखं विचारलं, "हीटिंग सरफेस किती?" पलीकडून उत्तर आलं, "तीनशे."

तीनशे भागिले दहा, तीस. माझी मर्यादा पन्नास. मी हो म्हणालो.

संध्याकाळी चीफला अभिमानानं सांगितलं. तो म्हणाला, "यंत्र कसलं आहे?" मी म्हणालो, "स्टीम जनरेटर." तो नुसता माझ्याकडं बघत राहिला.

कॉइल! त्या यंत्रात मोठी टाकी नसते. एक लांब नळी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, आतून पंपानं पाणी ढकलतात, बाहेरून जोरदार आग. तेवढ्याशा लोखंडावर आग इतकी की एक चौरस फूट साध्या बॉयलरच्या कितीतरी पट वाफ देतो. तिथं दहाचं माप लावलं तर यंत्र कागदावर फारच लहान दिसेल. म्हणून नियमानं तिथं पाच धरलेत. तीनशे भागिले पाच, साठ. माझी मर्यादा पन्नास.

मी दुसऱ्या दिवशी फोन करून काम सोडलं. ती माणसं चिडली, आणि चिडणारच. पण तिथं मी सही केली असती तर लायसन गेलं असतं. परदेशात नवा माणूस, हातात एकच कागद, तोही गेला तर घरी काय सांगणार?

पहिल्या वेळी मी आकडा दुप्पट धरला, दुसऱ्या वेळी निम्मा. दोन्ही वेळा गणित बरोबर होतं. चुकीचं होतं ते आधीचं पाऊल : हा आकडा कशाचा आहे, हे विचारायचं राहिलं.

आणि हा आकडा काय सांगत नाही

एवढं ऐकून कुणाला वाटेल, पन्नास हॉर्सपॉवर म्हणजे छोटा बॉयलर, छोटा धोका. तसं नाही.

१९०५ साली, २० मार्चला, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन गावात बुटांच्या कारखान्याचा बॉयलर फुटला. इमारत कोसळली, आग लागली, ५८ माणसं गेली. त्यानंतर १९०७ मध्ये त्या राज्यानं बॉयलरचे नियम केले आणि पुढं एएसएमईचा बॉयलर कोड आला. आपल्याकडंही असंच. १८६३ साली कलकत्त्यात मोठा स्फोट झाला आणि त्यानंतर बंगालमध्ये बॉयलरचा कायदा आला. मग १९२३ चा भारतीय बाष्पके कायदा, आणि आता त्याच्या जागी २०२५ चा. आधी माणसं मेली आणि मग नियम आला, दोन्हीकडं.

स्फोट कशानं होतो? वाफेपेक्षा जास्त पाण्यानं. १० किलो दाबाला पाणी १८४ अंशांवर असतं आणि तरी पाणीच राहतं, कारण दाबानं ते धरून ठेवलेलं असतं. कवच फाटलं की दाब जातो. मग प्रत्येक १०० किलो पाण्यातलं सुमारे १६ किलो क्षणात वाफ होतं. एक किलो पाण्याची वाफ बाहेर आली की पावणेदोन हजार लिटरच्या जवळ जागा मागते. आता बॉयलरमध्ये पाच हजार किलो पाणी आहे असं धरा आणि तुम्हीच गुणाकार करा.

लायसनच्या हॉर्सपॉवरमध्ये यातलं काहीच नाही. त्यात दाब नाही, पाणी किती ते नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह अडकलाय का ते नाही, गेज ग्लासमध्ये पाणी दिसतंय की ग्लास तुंबलाय ते नाही. दाबाचा विचार मिनेसोटात वेगळ्या अक्षरानं होतो. ए ग्रेडमध्ये बॉयलरबरोबर इंजिन आणि टर्बाइन, बी मध्ये फक्त बॉयलर, सी मध्ये फक्त कमी दाबाचे बॉयलर, म्हणजे वाफेला १५ पाउंडांपर्यंत. वर्ग सांगतो बॉयलर केवढा, ग्रेड सांगते कसला. लायसनवर दोन्ही वाचायचे.

पण पाण्याची पातळी कुठल्याच अक्षरात नाही. ती तुमच्या डोळ्यात आहे. पाळीवर गेल्यावर पहिलं काम गेज ग्लास ब्लो करून बघणं. पाणी परत झटकन वर आलं पाहिजे. ग्लासमध्ये पाणीच दिसत नाही आणि किती वेळ झाला माहीत नाही, तर आधी आग बंद. पाणी आत सोडायचं नाही. लाल झालेल्या लोखंडावर गार पाणी म्हणजे काय, ते वर सांगितलंच. तात्या आमच्याकडून हे पाठ करून घ्यायचे, पाढ्यासारखं. तेव्हा कंटाळा यायचा. आता कळतं, त्यांनी पन्नास घोड्यांच्या आणि पाचशे घोड्यांच्या बॉयलरला एकच नियम का लावला.

शेवटी, लिहून ठेवा

एक. पाटीवरची हॉर्सपॉवर किंवा टन म्हणजे वाफ. एक घोडा, तासाला १५.६५ किलो, १०० अंशाच्या पाण्यापासून.

दोन. मिनेसोटात लायसनची हॉर्सपॉवर म्हणजे लोखंड. साधा बॉयलर असेल तर चौरस फूट भागिले दहा. कॉइल असेल तर भागिले पाच. यंत्र कुठलं ते आधी विचारा, भागाकार नंतर.

तीन. आपल्याकडं तेच लोखंड चौरस मीटरमध्ये, सर्टिफिकेटवर बॉयलर रेटिंग म्हणून.

चार. आकडा कुठून आला हे सांगता येत नसेल तर चार्ज घेऊ नका. नाही म्हणा आणि त्याच दिवशी शोधून काढा.

इचलकरंजीच्या मित्रा, तुला एक काम देतो. उद्या पाळीवर गेलास की काचेतलं सर्टिफिकेट वाच, रेटिंगचा आकडा घे, त्यावरून लायसनची हॉर्सपॉवर काढ आणि मला व्हॉइस नोट पाठव. माझ्या ९६ च्या किती जवळ येतोय बघू. आणि तुमच्या बॉयलर हाऊसमध्ये तात्यांसारखं कुणी जुनं माणूस असेल, तर त्यांना विचार, त्यांनी पहिल्या वर्षी कुठली चूक केली होती. सांगतील. आणि परवानगी दिली तर तेही पाठव, पुढच्या भागात ऐकवू.

चला तर मग, भेटू पुढच्या भागात. पाण्यावर नजर ठेवा, काळजी घ्या.